पायरी पायरीने वर : लॉर्ड बेडन-पॉवेल आणि बालवीरांच्या परीक्षा

दरवर्षी २२ फेब्रुवारीस देशोदेशींचे बालवीर व वीरबाला आपल्या चळवळीच्या संस्थापकाचा जन्मदिन पाळतात. आपल्या मंडळ्यांतील अनेक मुलेमुली शाळेच्या स्काउट-गाइड पथकांत असतात. गळ्यात रुमाल आणि बाहीवर बिल्ले लावून ती उभी राहिली म्हणजे आपल्याला कौतुक वाटते. परंतु या बिल्ल्यांच्या पायऱ्या कोणी रचल्या, आणि मुलाने त्या चढाव्यात असे त्याला का वाटले, हे सहसा कोणी विचारीत नाही. शब्बाथशाळेत दरवर्षी बक्षिसे व प्रमाणपत्रे वाटणाऱ्या आम्हां शिक्षकांना तर हा प्रश्न पडलाच पाहिजे. म्हणून या अंकी आम्ही लॉर्ड बेडन-पॉवेल यांचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहोत.

बालपण व शाळा

रॉबर्ट स्टीफनसन स्मिथ बेडन-पॉवेल यांचा जन्म २२ फेब्रुवारी १८५७ रोजी लंडन येथे झाला. वडील रेव्हरंड बेडन पॉवेल हे दीक्षित पाळक असून ऑक्सफर्ड विद्यापीठात भूमितीचे प्राध्यापक होते. प्रसिद्ध रेल्वे अभियंते रॉबर्ट स्टीफनसन हे मुलाचे धर्मपिता. त्यांचेच नाव त्याला देण्यात आले. मुलगा तीन वर्षांचा असताना, १८६० साली, वडील वारले. आई हेन्रिएटा ही आरमारी अधिकाऱ्याची मुलगी. तिने धीराने आपल्या मुलांना वाढविले.

१८७० मध्ये रॉबर्ट चार्टरहाउस शाळेत दाखल झाला. अभ्यासात त्याची चमक नव्हती. चित्रे काढणे, गाणे-वाजवणे आणि नकला करणे यांत मात्र तो रमे. शाळेजवळ एक राई होती. तेथे जाण्यास मुलांना मनाई होती, तरी रॉबर्ट गुपचूप तेथे जाई. पायांचा आवाज न करता चालणे, जनावरांचे माग काढणे, धूर दिसणार नाही अशा बेताने विस्तव करून ससा भाजणे, हे सारे तो तेथे आपले आपण शिकला. वर्गात न मिळालेले शिक्षण त्याला या राईने दिले.

ऑक्सफर्डच्या ज्या महाविद्यालयांकडे त्याने प्रयत्न केला तेथे त्याला प्रवेश मिळाला नाही. मग १८७६ साली तो लष्कराच्या खुल्या परीक्षेस बसला आणि शेकडो उमेदवारांत घोडदळाच्या यादीत दुसरा आला. त्यामुळे सँडहर्स्टच्या लष्करी विद्यालयातील शिक्षण त्याला माफ झाले व तो थेट अधिकारी म्हणून नेमला गेला.

हिंदुस्थानातील नोकरी

त्याच वर्षाच्या अखेरीस तो मुंबई बंदरात उतरला व लखनौस आपल्या १३ व्या हुसार पलटणीत रुजू झाला. वीस वर्षांनी, १८९७ मध्ये, ५ व्या ड्रगून गार्ड्स पलटणीचा मुख्य म्हणून तो पुन्हा हिंदुस्थानात मेरठला आला. बालवीरांच्या बिल्ल्याचे मूळ तेथे सापडते.

कवायतीत तरबेज असलेले शिपाई एकटे पडले की गोंधळतात, हे त्याने पाहिले होते. म्हणून त्याने त्यांचे थोड्या थोड्या जणांचे गट पाडले, प्रत्येक गटाला एक म्होरक्या दिला, आणि वाट शोधणे, माग काढणे, पाहिलेले नीट सांगणे या गोष्टी शिकविल्या. जे परीक्षेत उतरले त्यांच्या बाहीवर एक खूण लावण्याची त्याने व्यवस्था केली. नकाशावर उत्तर दिशा दाखविण्यासाठी कमळासारखी तीन पाकळ्यांची जी आकृती काढतात, तीच ही खूण. ती लावणाऱ्या शिपायाला इतरांना वाट दाखविता येते, एवढाच तिचा अर्थ. या शिक्षणावर त्याने शिपायांसाठी एक छोटे पुस्तक लिहिले. ते १८९९ मध्ये प्रसिद्ध झाले.

त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्ध पेटले. मॅफेकिंग या लहानशा गावाला शत्रूने वेढा दिला. १३ ऑक्टोबर १८९९ पासून १७ मे १९०० पर्यंत, २१७ दिवस, बेडन-पॉवेल यांनी ते गाव राखले. तेथे गावातील गोऱ्या मुलांचे एक पथक उभारण्यात आले होते. वॉर्नर गुडइअर नावाचा तेरा वर्षांचा मुलगा त्याचा म्होरक्या होता. ही मुले निरोप पोहोचवीत, टेहळणी करीत, इस्पितळात मदत करीत. मुलावर खरी जबाबदारी टाकली तर तो ती पेलतो, हे बेडन-पॉवेल यांनी तेथे प्रत्यक्ष पाहिले.

या विजयाने ते इंग्लंडात घरोघरी प्रसिद्ध झाले. वयाच्या ४३ व्या वर्षी ते मेजर जनरल झाले. त्या वेळी त्या हुद्द्यावर इतका तरुण अधिकारी दुसरा नव्हता. परंतु सत्याला धरून एक गोष्ट सांगितली पाहिजे. वेढ्याच्या काळात गावातील काळ्या आफ्रिकी लोकांच्या वाट्याला फार अपुरे अन्न आले, त्यांत अनेक जण उपासमारीने मेले, आणि गावाच्या बचावात बारोलाँग लोकांनी जो पराक्रम केला त्याचे श्रेय त्यांना मिळाले नाही. पुढील इतिहासकारांनी याबद्दल बेडन-पॉवेल यांना दोष दिला आहे. थोरांची चरित्रे लिहिताना त्यांच्या उणिवा झाकू नयेत, असे आम्हांस वाटते.

एक शब्बाथशाळेचा शिक्षक

१९०३ मध्ये बेडन-पॉवेल इंग्लंडास परतले, तेव्हा शिपायांसाठी लिहिलेले आपले पुस्तक शिक्षक मुलांना शिकवीत आहेत, असे त्यांना आढळले. पुढच्या वर्षी ग्लासगो येथे बॉइज ब्रिगेडच्या हजारो मुलांच्या संचलनास ते हजर राहिले. या संस्थेचे संस्थापक विल्यम स्मिथ हे शब्बाथशाळेचे शिक्षक होते. दर रविवारी वर्गात दंगा करणाऱ्या थोराड मुलांचे काय करावे, हा प्रश्न त्यांनाही पडला होता. मुलांना रागे भरून वर्गाबाहेर काढण्याऐवजी त्यांनी ४ ऑक्टोबर १८८३ रोजी त्यांचे पथक बनविले, त्यांना कवायत दिली, आणि इब्री लोकांस पत्राच्या सहाव्या अध्यायातील नांगर ही पथकाची खूण ठरविली. या स्मिथसाहेबांनीच बेडन-पॉवेल यांना सुचविले की तुमचे पुस्तक मुलांसाठी पुन्हा लिहा. आज जगभर पसरलेल्या चळवळीस एका शब्बाथशाळेच्या शिक्षकाची सूचना कारण झाली, हे आपल्या शिक्षकांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे.

ब्राउनसी बेट

लिहिण्याआधी करून पाहावे म्हणून १९०७ च्या ऑगस्टमध्ये बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यालगतच्या ब्राउनसी बेटावर सुमारे वीस मुलांची छावणी भरविली. काही मुले श्रीमंतांच्या शाळांतील, तर काही बॉइज ब्रिगेडमधील साध्या घरांतील होती. पहिल्यांकडून एक पौंड व दुसऱ्यांकडून साडेतीन शिलिंग फी घेतली. मात्र बेटावर सर्वांना सारखेच तंबू, सारखेच अन्न आणि सारखेच काम. मुलांचे लांडगे, कावळे, बैल आणि कर्ल्यू पक्षी अशा नावांचे चार संघ पाडून प्रत्येक संघाला मुलांपैकीच एक नायक दिला.

प्रत्येक मुलास मेरठच्या त्याच तीन पाकळ्यांच्या खुणेचा पितळी बिल्ला मिळाला. मग गाठी मारणे, माग काढणे आणि राष्ट्रध्वजाची माहिती यांत जो उतरला, त्याला त्याखाली लावण्यास दुसरी पितळी पट्टी मिळाली. तिच्यावर सदैव सज्ज असण्याचे ब्रीद कोरलेले होते. बालवीरांच्या शिडीच्या या पहिल्या दोन पायऱ्या.

तीन पायऱ्या

१९०८ च्या जानेवारीपासून त्यांचे मुलांसाठी लिहिलेले पुस्तक पंधरवड्यास एक याप्रमाणे सहा भागांत निघाले. त्यात तीन इयत्ता होत्या.

पहिली टेंडरफूट, म्हणजे ज्याचे पाय अजून कोवळे आहेत असा नवशिका. त्याने बालवीराचे नियम व सलामी शिकावी, ध्वजाची माहिती सांगावी, काही गाठी माराव्यात. मग त्याने देव, राजा आणि इतर लोक यांच्याविषयीचे कर्तव्य पाळण्याचे वचन द्यावे.

दुसऱ्या इयत्तेसाठी निदान एक महिना नवशिका म्हणून काढावा लागे. मग प्रथमोपचार, एक मैल बारा मिनिटांत काही चालत काही धावत काटणे, दोनपेक्षा अधिक काड्या न वापरता चूल पेटविणे, त्यावर थोडे मांस व दोन बटाटे शिजविणे, अशा चाचण्या असत. एका खेळात चोवीस लहान वस्तू मिनिटभर दाखवून झाकीत, आणि मुलाने त्यांतील सोळा आठवून सांगाव्या लागत. हिंदुस्थानात घडणाऱ्या किपलिंग यांच्या ‘किम’ कादंबरीवरून हा खेळ घेतला होता. शिवाय बचतीच्या खात्यात निदान सहा पेन्स असावे लागत.

पहिल्या वर्गाचा बालवीर होणे याहून अवघड. पन्नास यार्ड पोहावे. बचत एक शिलिंगापर्यंत वाढवावी. नकाशा वाचावा. सात मैलांवरच्या ठिकाणी पायी किंवा नाव वल्हवीत जाऊन परत यावे व प्रवासाचा वृत्तांत लिहून द्यावा. आग, बुडणे अशा अपघातांत जीव कसा वाचवावा ते दाखवावे. या साऱ्यानंतर शेवटची अट अशी होती, की त्याने स्वतः शिकवून तयार केलेला एक नवशिका परीक्षकापुढे उभा करावा.

वाचकहो, या शेवटच्या अटीकडे नीट पाहा. मुलगा कितीही हुशार असो, सात मैल चालून आलेला असो, पण मागून येणाऱ्या एकाचा हात धरून त्याला पहिल्या पायरीवर चढविले नसेल, तर त्याला वरची पायरी नव्हती. या परीक्षांत पहिला नंबर, दुसरा नंबर असा प्रकार नाही. एकाने बिल्ला मिळविला म्हणून दुसऱ्याचा हुकत नाही. बिल्ल्याच्या बाबतीत बेडन-पॉवेल मुलाची हुशारी पाहण्याऐवजी त्याने केलेली खटपट पाहावयास सांगत. बाही भरण्यासाठीच बिल्ले गोळा करणारी मुले त्यांना आवडत नसत.

पुढे १९०९ मध्ये सातव्या एडवर्ड राजांच्या संमतीने ‘किंग्ज स्काउट’ ही सर्वांत वरची पायरी आली. तिच्यासाठी वाट दाखविणे, रुग्णसेवा अशी लोकोपयोगी कौशल्ये लागत. त्याच वर्षी बेडन-पॉवेल ‘सर’ झाले, आणि १९१० मध्ये लष्करातील हुद्दा सोडून त्यांनी स्वतःला मुलांच्या कामास वाहून घेतले. मुलींसाठी त्याच वर्षी गर्ल गाइड्स सुरू झाले. आरंभी त्यांची बहीण ॲग्नेस व पुढे पत्नी ओलाव्ह यांनी ते काम वाढविले. १९१६ मध्ये लहान मुलांसाठी कब, म्हणजे लांडग्याची पिल्ले, निघाले. त्यांच्या गोष्टी किपलिंग यांच्या ‘जंगल बुक’मधून, म्हणजे आपल्या मध्य प्रदेशातील शिवनीच्या डोंगरांतून घेतल्या होत्या. लांडग्याचे पिल्लू डोळे मिटलेले जन्मते. म्हणून पहिली परीक्षा झाली की टोपीवर एक तारा, म्हणजे एक डोळा उघडला; दुसरी झाली की दुसरा.

मोठ्यांनाही परीक्षा चुकली नाही. १९१९ मध्ये लंडनजवळ गिलवेल पार्क येथे पथकनायकांचे शिक्षण सुरू झाले. तेथे शिक्षकांनी मुलांप्रमाणेच संघ करून तंबूत राहावे, चूल पेटवावी, आणि मग गळ्यात दोन लाकडी मणी मिळवावेत. शिकविणाऱ्याने आधी स्वतः पायरी चढावी, हा त्यातला हेतू.

आपल्या देशात

हिंदुस्थानात बालवीरांचे पहिले पथक १९०९ मध्ये बंगलोर येथे निघाले; पण ते युरोपियन व अँग्लो-इंडियन मुलांसाठी होते. हिंदी मुलांना ही शिडी बंद होती. प्रत्येक बालवीर दुसऱ्याचा भाऊ, असा नियम करणाऱ्या चळवळीस हे शोभणारे नव्हते. आपल्या लोकांनी मात्र हात जोडून वाट पाहिली नाही. १९१६ मध्ये डॉ. ॲनी बेझंट यांनी मद्रासकडे हिंदी मुलांची संस्था काढली. १९१८ मध्ये पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू व श्रीराम बाजपेयी यांनी सेवा समितीची बालवीर संघटना उभारली. १९२१ मध्ये बेडन-पॉवेल स्वतः येथे आले आणि हिंदी मुलांना मुख्य संस्थेत घेण्यात आले. तरी सर्व दुरावा गेला नाही. १९३८ मध्ये हिंदुस्थान स्काउट असोसिएशन वेगळी निघाली. स्वातंत्र्यानंतर ७ नोव्हेंबर १९५० रोजी हे प्रवाह ‘भारत स्काउट्स अँड गाइड्स’ या नावाने एकत्र आले आणि १९५१ मध्ये गाइड्सही त्यात सामील झाल्या. आज आपली मुले प्रवेश, प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान, राज्य पुरस्कार आणि राष्ट्रपती पुरस्कार अशा पायऱ्या चढतात. सोपान म्हणजे जिनाच; नाव अगदी योग्य पडले आहे.

अखेर

१९२९ मध्ये बेडन-पॉवेल ‘लॉर्ड’ झाले, आणि त्यांनी नावापुढे गाव लावले ते गिलवेलचे. जेथे शिक्षक घडत, त्या जागेचे. म्हातारपणी ते पत्नीसह केनियातील न्येरी येथे राहावयास गेले व ८ जानेवारी १९४१ रोजी तेथेच निवर्तले. केनिया पर्वत दिसेल अशा जागी त्यांची कबर आहे. तिच्या शिळेवर एक वर्तुळ व त्याच्या मधोमध एक ठिपका कोरला आहे. बालवीर रानातून जाताना मागच्यांसाठी खुणा ठेवतात, त्यांपैकी ही शेवटची. पुढे गेलेला गडी घरी पोहोचला, असा तिचा अर्थ.

आपल्या शब्बाथशाळांत बक्षीस समारंभ होतात. वचने सर्वांत जास्त कोणी पाठ केली, हजेरी कोणाची पूर्ण भरली, याची नोंद आपण ठेवतो, आणि ती ठेवावीच. पण या वर्षी वरच्या वर्गातील प्रत्येक मुलास आणखी एक प्रश्न विचारावा, अशी आमची सूचना आहे. तू कोणाला शिकविलेस? शेजारच्या घरातील कोणत्या मुलास हाताला धरून वर्गात आणलेस? एखाद्या लहानग्याला वाचावयास शिकविले असेल, तर त्या मुलाची मोठी पायरी चढून झाली असे समजावे. आणि शिक्षकांनीही अधूनमधून हाच प्रश्न स्वतःला विचारावा.