पुराणिकाची लेक

जुन्या काळी देवळाच्या ओवरीत, तळ्याच्या काठी किंवा वडाच्या पारावर पुराणिक पोथी उघडून बसे. संस्कृत श्लोक सुरात म्हणत जाई. येणारा-जाणारा घटकाभर थांबे, हात जोडी, पोथीपुढे पैसा, मूठभर तांदूळ किंवा एखादे फळ ठेवी आणि वाटेला लागे. श्लोकांचा अर्थ त्याला कळला की नाही, हे कुणी विचारीत नसे. अर्थ सांगितलाच पाहिजे असे बंधन पुराणिकावरही नव्हते. देववाणी कानांवर पडली की पुण्य पदरात पडले, एवढा हा साधा व्यवहार होता.

एकोणिसाव्या शतकात अनंतशास्त्री डोंगरे यांचे कुटुंब वर्षानुवर्षे अशा वाचनावर जगले. तीर्थामागून तीर्थ, पायी. नवरा, बायको, मुलगा आणि दोन मुली. अनंतशास्त्र्यांनी एक बंडखोरी केली होती: पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले होते. धर्ममार्तंडांचा रोष पत्करून ते पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या रानात जाऊन राहिले. तिथे २३ एप्रिल १८५८ रोजी धाकटी लेक रमा जन्मली. आईने तिला भल्या पहाटे उठवून भागवताचे श्लोक पाठ करवले. हीच मुलगी पुढे पंडिता रमाबाई.

रमाबाईंविषयी आपल्याकडे सहसा दोन गोष्टी सांगतात. त्या विदुषी होत्या आणि त्या ख्रिस्ती झाल्या. पहिली कौतुकाने सांगतात, दुसरी जरा आवाज खाली आणून. मला त्यांच्या चरित्रात तिसरीच गोष्ट अधिक मोलाची वाटते, ती म्हणजे त्यांची वाचण्याची रीत. धर्मग्रंथातला लहानसा उतारा घ्यायचा, त्याचा अर्थ नीट लावायचा आणि त्यातून उद्या सकाळी करायचे काम शोधायचे. ही रीत त्यांना कशी सापडली आणि तिची किंमत त्यांनी काय मोजली, ते मला आज सांगायचे आहे.

मी हे जवळा बाजारला बसून लिहितो आहे. औंढा नागनाथ आमच्या तालुक्याचे ठिकाण, नामदेवरायांची नर्सी आमच्याच हिंगोली जिल्ह्यात. सप्ताह बसला की कीर्तनकार एक अभंग लावतो आणि त्यावर दोन तास निरूपण करतो. तेव्हा चार चरणांत मोठा अर्थ शोधणे आम्हाला परके नाही. ख्रिस्ती घरांत बायबलचा एखादा लहान उतारा वाचून त्यावर रोज मनन करतात, तेही याच जातीचे. मंडपातून उठल्यावर त्या अभंगाचे काय करायचे, हे मात्र ज्याचे त्याने ठरवायचे असते. रमाबाईंचे खरे चरित्र त्या उठण्यापासून सुरू होते.

आधी उपासमार आली. १८७० नंतरच्या दुष्काळात दक्षिणेकडे भटकताना डोंगरे कुटुंबाजवळचे सगळे संपले. भांडी गेली, दागिने गेले. अंगमेहनतीचे काम कधी केलेले नाही आणि भीक मागायची लाज, अशी अवस्था. रानातला पाला खाऊन दिवस काढले. १८७४ साली वडील गेले, पाठोपाठ आई गेली, पुढे मोठी बहीण कृष्णाबाई गेली. उरली रमा आणि भाऊ श्रीनिवास. दोघे चालत चालत उत्तर हिंदुस्थान पालथा घालून १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचले. तिथल्या विद्वानांनी वीस वर्षांच्या या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. सभा गाजू लागल्या, वर्तमानपत्रांत नाव आले. पण ज्या ग्रंथांच्या पाठांतरावर हा मान मिळाला, त्यांत स्त्रियांविषयी काय लिहिले आहे हे ती आता अर्थासह वाचू लागली होती, आणि तिची झोप उडाली होती.

१८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या ब्राह्मणेतर बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केले आणि त्या आसामात सिल्चरला राहायला गेल्या. नवऱ्याच्या पुस्तकांत त्यांना एक बारीकसे बंगाली पुस्तक सापडले: लूकने लिहिलेले शुभवर्तमान. ते तिथे कसे आले होते कोण जाणे, पण रमाबाईंनी ते वाचून काढले. मिशनच्या शाळेत शिकलेल्या बिपिनबाबूंना बायकोची ही ओढ मुळीच रुचली नाही. एप्रिल १८८१ मध्ये मनोरमा जन्मली. पुढच्या फेब्रुवारीत पटकीने बिपिनबाबू गेले. तेवीस वर्षांची विधवा, कडेवर दहा महिन्यांची मुलगी. रमाबाई पुण्याला आल्या.

पुण्यात त्यांनी आर्य महिला समाज काढला आणि १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे साक्ष देऊन स्त्रियांसाठी स्त्री शिक्षिका आणि स्त्री डॉक्टर हव्यात असे सांगितले. स्वतः वैद्यक शिकावे म्हणून १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. ते शिक्षण झालेच नाही, कारण त्यांना ऐकू कमी येऊ लागले होते. लोकांनी ऐकण्यासाठी वाचणाऱ्या पुराणिकाची ही लेक स्वतः ऐकू शकेनाशी झाली. यापुढे तिला वाचनाचाच आधार होता.

इंग्लंडमध्ये त्या वाँटेज इथल्या ख्रिस्ती भगिनींच्या मठात उतरल्या होत्या. या भगिनींनी त्यांना लंडनमधल्या फुलहॅम इथे नेले. वाट चुकलेल्या म्हणून समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी तिथे आश्रम होता. त्या बायकांना मायेने वागवले जात होते, कामाला लावले जात होते, पुन्हा उभे केले जात होते. हे असे का करता, असे रमाबाईंनी विचारले. उत्तरादाखल एका भगिनीने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातला चौथा अध्याय वाचून दाखवला.

उतारा लहान आहे. भर दुपारी एक शोमरोनी बाई विहिरीवर पाण्याला येते. तिची जात यहुद्यांना चालत नाही. तिचे पाच नवरे झालेले, आता ज्याच्याजवळ राहते तोही नवरा नव्हे. विहिरीवर बसलेला येशू तिच्याकडे पाणी मागतो. ती दचकते, मग बोलू लागते. बोलता बोलता विचारते की देवाची उपासना या डोंगरावर करायची की यरुशलेमेत? तो सांगतो की दोन्हीकडे नाही, ठिकाणाचा प्रश्नच नाही.

आता हे कोण ऐकत होते, ते पाहा. बालपण तीर्थांच्या वाटा तुडवण्यात गेलेली, आईबाप त्याच वाटेवर गमावलेली एक विधवा. तिच्या माहितीतल्या शास्त्रांत अशा बाईला कठोर शासन होते. इथे त्या बाईला आधी काम सांगितले जाते, पाणी मागितले जाते, आणि मग मोठ्यातला मोठा धार्मिक प्रश्न तिच्याशी बरोबरीने बोलला जातो. रमाबाईंच्या मनाचा कल तिथे ठरला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

पण त्या कुणाच्या ओंजळीने पाणी प्यायल्या नाहीत. मठातल्या भगिनींशी त्यांचे अनेक शिकवणींवरून कडाक्याचे वाद झाले. पटेल तेच मानीन आणि स्वतः वाचून मानीन, हा त्यांचा बाणा. क्रूसावरचा मजकूर लॅटिन असावा हे त्यांना पटेना, संस्कृत का नको? खाणेही शाकाहारीच राहिले. एका पुरोहितवर्गाच्या तावडीतून सुटून दुसऱ्याच्या हाती जायची त्यांची तयारी नव्हती, असा मी याचा अर्थ लावतो.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानासाठी त्या अमेरिकेला गेल्या, तिथे व्याख्याने देऊन मदत उभी केली आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन उघडले. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई होत्या, पुढे धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह करून आनंदीबाई कर्वे झालेल्या. सदन लवकरच पुण्याला आले. तिथे धर्म शिकवायचा नाही असे ठरले होते. रमाबाई मात्र आपल्या खोलीत दार उघडे ठेवून प्रार्थना करीत. काही मुली येऊन बसू लागल्या. १८९३ मध्ये वादळ उठले. ‘केसरी’ने झोड उठवली, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या.

या प्रकरणात दोन्ही बाजूंना काही म्हणायला जागा आहे. ज्यांनी विश्वासाने मुली पाठवल्या, त्यांना उघडे दार खुपले तर नवल नाही. पण ते दार लावून घ्या म्हणणाऱ्यांपैकी किती जणांच्या घरात सोवळ्या, केशवपन केलेल्या पोरी कोठीच्या अंधारात बसलेल्या होत्या, हाही प्रश्न विचारायला हवा. पुण्याने रमाबाईंना मनातून वजा केले ते तेव्हापासून. ती किंमत त्यांनी पुढची तीस वर्षे मुकाट्याने भरली.

नंतर १८९६-९७चा दुष्काळ आला. मध्य प्रांतात माणसे मरत असल्याच्या बातम्या येत होत्या. रमाबाईंना रानातला पाला आठवला. त्या उठल्या आणि तिकडे गेल्या. दुष्काळ पडला की निराधार पोरींना हेरणारे दलाल फिरतात, हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी शेकडो मुली आणि विधवा गोळा करून आगगाडीने आणल्या. पुण्यात तेव्हा प्लेगचे निर्बंध, शहरात ठेवायला परवानगी नाही. दौंड तालुक्यातल्या केडगावला त्यांनी फळबागेसाठी माळरान घेऊन ठेवले होते. तिथेच तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या.

लूकच्या त्या पुस्तकात वाटेवर जखमी पडलेल्या माणसाची गोष्ट आहे. धर्माचे दोन अधिकारी बघून पुढे जातात, परका शोमरोनी थांबतो. आपण ही गोष्ट दयेची म्हणून सांगतो आणि तिच्यातला तपशील सोडून देतो. तो माणूस जखमेवर तेल ओततो, पट्टी बांधतो, आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेतो, रात्रभर पाहतो, सकाळी दोन नाणी देतो आणि आणखी खर्च झाला तर परतताना भरीन असे सांगून जातो. औषध, वाहन, निवारा, रोकड आणि पुढची उधारी, एवढा सगळा हिशेब त्या आठ-दहा ओळींत आहे. केडगावची वही याहून वेगळी नव्हती. फक्त जखमी एक नव्हता. १९००च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या आसपास गेली.

एवढ्यांना पोसायचे कसे? विहिरी खोदल्या, बागा लावल्या, दूधदुभते, विणकाम, शिवणकाम, तेलघाणा सुरू केला. बसून खायचे नाही आणि शिकल्याशिवाय राहायचे नाही, हा नियम. वस्तीचे नाव मुक्तिसदन. फुलहॅमला पाहिलेल्या आश्रमासारखे कृपासदन समाजाने टाकलेल्या बायकांसाठी उभे राहिले. आंधळ्यांसाठीच्या घराचे नाव होते बार्तीमीसदन.

बार्तीमी हा मार्काच्या शुभवर्तमानातला आंधळा भिकारी. तो हाका मारतो, लोक त्याला गप्प बसवतात. येशू त्याला बोलावतो आणि विचारतो, मी तुझ्यासाठी काय करावे? हा प्रश्न मला नेहमी थबकवतो. आंधळ्याला काय हवे हे दिसतच असते, तरी आधी त्यालाच विचारलेले आहे. मनोरमाने परदेशात ब्रेल शिकून घेतले आणि केडगावच्या आंधळ्या मुली बोटांनी वाचू लागल्या, हाताने विणू लागल्या. भिकेच्या जागी त्यांना धंदा मिळाला.

आमच्या मुलखाशीही एक धागा जुळतो. १९१२-१३च्या सुमारास रमाबाई आणि मनोरमा यांनी गुलबर्ग्याला शाळा काढली. गुलबर्गा तेव्हा निजामाच्या राज्यात होते, जसे आमचे जवळा बाजार होते. त्या राज्यात मुलींच्या शिक्षणाची काय दशा होती, हे आमच्या आज्यांच्या अंगठ्यांच्या ठशांवरून समजावे.

शेवटची अठरा-एक वर्षे रमाबाईंनी एका कामाला वाहिली. प्रचलित मराठी बायबलची भाषा पंडिती आहे, दुष्काळातून आलेल्या, नुकत्या अक्षरे लावू लागलेल्या बायकांना ती कळत नाही, असे त्यांना वाटे. अर्थ कळला नाही तर पुन्हा पुराणिकाचाच प्रकार! म्हणून त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि संपूर्ण बायबलचे एकटीने साध्या मराठीत भाषांतर करू लागल्या. संस्कृतवर एवढी हुकमत असलेल्या बाईने संस्कृत बाजूला ठेवून लिहावे, यातला संयम आपल्या लेखकमंडळींनी ओळखायला हवा होता. भाषांतर फार शब्दशः झाले आहे, ही टीका झाली आणि ती सोडून देण्यासारखी नाही. ख्रिस्ती मंडळ्यांत बायबल सोसायटीचेच भाषांतर रूढ राहिले.

२४ जुलै १९२१ रोजी मनोरमा गेली. वय चाळीस. आपल्यामागे सगळे सांभाळील ही आशा संपली. रमाबाईंनी मुद्रिते तपासण्याचे काम थांबवले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्याही गेल्या. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर पडले. ते छापले मुक्तिसदनाच्याच छापखान्यात. तिथे खिळे जुळवायला आणि यंत्र चालवायला आश्रमातल्या बायका आणि मुली असत. त्यांतल्या कितीतरी जणी केडगावात आल्या तेव्हा त्यांना स्वतःचे नावही लिहिता येत नव्हते.