हसन फतही

हसन फतही हे इजिप्तमधील एक नामवंत वास्तुशिल्पकार होते. त्यांचा जन्म २३ मार्च १९०० रोजी अलेक्झांड्रिया शहरात झाला. घरची परिस्थिती चांगली होती. गावाकडे शेतीही होती. पण वडिलांना खेडे आवडत नसे. आई मात्र लहानग्या हसनला आपल्या बालपणीच्या गावाच्या गोष्टी रंगवून सांगे. त्यामुळे खेडे म्हणजे सुखाचे ठिकाण, असे त्यांना वाटे.

१९२६ साली त्यांनी कैरो येथे वास्तुकलेची पदवी मिळवली. पुढे ते प्रथमच आपल्या शेतावर गेले आणि मजुरांची घरे पाहून त्यांना धक्का बसला. किती ठेंगणी, अंधारी आणि घाणेरडी घरे ती! या माणसांना चांगले घर कसे मिळेल, हा प्रश्न त्यांच्या मनात घर करून बसला.

सिमेंट, लोखंड आणि लाकूड विकत घ्यावे लागते. गरीब शेतकऱ्याजवळ त्यासाठी पैसा नसतो. माती मात्र त्याच्या पायाखालीच असते. इजिप्तमध्ये माती आणि गव्हाचे बारीक काड कालवून विटा पाडतात व त्या उन्हात वाळवतात. भट्टी लागत नाही, सरपण लागत नाही. फतही यांनी ठरवले, घर याच विटांचे बांधायचे. दुसऱ्या महायुद्धात परदेशी माल मिळेनासा झाला, तेव्हा तर या विटांची गरज अधिकच भासू लागली.

भिंती सहज उभ्या राहिल्या. अडचण आली ती छताची. आपल्या मराठवाड्यात मातीची धाब्याची घरे आहेत. त्यांचे छत लाकडी तुळयांवर टेकलेले असते. इजिप्तमध्ये लाकूड फार कमी. लाकडाच्या आधाराशिवाय बांधलेल्या फतही यांच्या पहिल्या कमानी कोसळल्या. त्यांचे भाऊ अस्वान येथे धरणाच्या कामावर इंजिनिअर होते. तिकडचे नुबी लोक लाकूड न वापरता छत बांधतात, असे त्यांनी कळवले. १९४१ साली फतही अस्वानला गेले आणि त्यांनी तेथील गवंड्यांचे काम पाहिले.

हे गवंडी खोलीची मागची भिंत उंच बांधत. तिच्यावर ओल्या मातीने कमानीचा आकार काढत. मग विटांचा पहिला थर त्या भिंतीला टेकवून तिरपा लावत, दुसरा थर पहिल्याला टेकवत. असे करत करत छत पुढे सरकत जाई. या विटांत काड जास्त असे, म्हणून त्या हलक्या असत. विटेवर बोटांनी रेघा ओढलेल्या असत, त्यामुळे ती ओल्या मातीला घट्ट चिकटे. सारे काम नजरेच्या अंदाजाने चाले. जे विद्यापीठात कोणी शिकवले नव्हते, ते फतही या गवंड्यांकडून शिकले.

१९४५ साली त्यांच्यावर मोठी कामगिरी आली. लक्सर शहरासमोर, नाईल नदीच्या पश्चिमेला गुर्ना नावाचे गाव होते. तेथील सुमारे ७,००० माणसे प्राचीन कबरींवर घरे बांधून राहत. कबरींतील वस्तू काढून विकणे हा त्यांच्यातील अनेकांचा धंदा होता. या चोऱ्या थांबाव्यात म्हणून पुराणवस्तू खात्याने सगळे गाव हलवायचे ठरवले. नव्या गावासाठी ५० एकर जमीन घेण्यात आली.

फतही यांना एकाच नमुन्याची घरे बांधायची नव्हती. प्रत्येक कुटुंबाची गरज पाहून घर आखावे, असे ते म्हणत. त्यांनी अस्वानचे गवंडी बोलावले. विटा जागेवरच पाडल्या. गावातील तरुणांना काम शिकवले. मशीद, बाजार, शाळा आणि नाट्यगृह उभे राहिले.

पण विटा पाडण्याइतके बाकीचे सोपे नव्हते. विटांसाठी साधे काड विकत घ्यायचे, तरी सरकारी कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राही आणि काम अडून बसे. शिवाय गावकऱ्यांना जुने गाव सोडायचेच नव्हते. त्यांची रोजीरोटी जुन्या घरांच्या खाली होती. नवे घर कितीही थंड आणि सुंदर असले, तरी ते पोट कसे भरणार? फतही यांनी त्यांच्यासाठी विणकामासारखे धंदे काढायचे योजले होते, पण लोकांचा विश्वास बसला नाही. एकदा तर कोणी तरी बंधारा फोडून नव्या गावात पाणी सोडले. घुमटाचे छत पाहून लोकांना कबर आठवे, असेही काही जाणकार म्हणतात. तीन हंगामांनंतर, १९४८ साली काम थांबले. बहुतेक घरे बांधायची राहूनच गेली.

फतही निराश झाले, पण गप्प बसले नाहीत. त्यांनी गुर्नाची सगळी हकिकत लिहून काढली. काडाच्या हिशेबापासून कचेरीतील दिरंगाईपर्यंत सारे त्यात आहे. हे पुस्तक १९६९ साली कैरो येथे निघाले आणि पुढे जगभर वाचले गेले. १९८० साली त्यांना आगाखान वास्तुकला पुरस्काराचा विशेष सन्मान मिळाला. शेवटची अनेक वर्षे ते कैरोच्या किल्ल्याजवळील एका जुन्या वाड्यात राहिले. देशोदेशीचे तरुण तेथे शिकायला येत. त्या वाड्यात मांजरेही पुष्कळ होती. ३० नोव्हेंबर १९८९ रोजी त्यांचे निधन झाले.

नव्या गुर्नात पुढे लोक राहायला आले. अनेकांनी मातीची घरे पाडून तेथे सिमेंटची घरे बांधली. फतही यांची मशीद मात्र टिकून आहे. अलीकडच्या काळात युनेस्कोच्या मदतीने गावातील काही जुन्या इमारतींची दुरुस्ती झाली.