जुन्या बुटापासून ब्रेक पॅडपर्यंत: हर्बर्ट फ्रूड आणि ‘ऑरगॅनिक की सिंटर्ड’चा प्रश्न

बाइकच्या पुढच्या डिस्कसाठी नवे पॅड घ्यायला गेलात की दोन प्रकार समोर येतात. एक ऑरगॅनिक, स्वस्त. दुसरा सिंटर्ड, म्हणजे धातूचा, महाग. पावसाळ्यात पेण ते रोहा रोज ये-जा करणाऱ्याला वाटतं, महागडा तोच चांगला. ज्या माणसामुळे हे पॅड मुळात आले, त्याची गोष्ट कळली की निवड करणं सोपं जातं, असा माझा अनुभव आहे.

हर्बर्ट फ्रूडचा जन्म १८६४ सालचा. तो राहायचा इंग्लंडमध्ये डर्बीशायरच्या डोंगराळ भागात. तिथल्या उतारांवर घोडागाड्यांचं एकच दुखणं होतं: भरलेली गाडी खाली येताना थांबवायची कशी? चाकावर लाकडी ठोकळा दाबायची सोय असायची, पण लोखंडी धावेवर लाकूड घसरायचं आणि जळायचं. म्हणून गाडीवान त्या ठोकळ्यावर जुने बूट ठोकायचे. फ्रूडने हे पाहिलं. आपल्यासारखा माणूस जुगाड बघून हसून पुढे गेला असता. याला मात्र प्रश्न पडला की चामडं लाकडापेक्षा चांगलं का धरतं, आणि त्याहून चांगलं काय धरेल.

१८९७ च्या सुमाराला त्याने कापसाच्या विणलेल्या पट्ट्याचे थर रबर, डांबर अशा चिकट पदार्थांत मुरवून ब्रेकचे ठोकळे बनवले. मला त्याची खरी कमाई वाटते ती पुढची: घराजवळच्या शेडमध्ये त्याने पाणचक्कीवर चालणारं यंत्र उभारलं आणि त्यावर प्रत्येक पदार्थाचं घर्षण मोजायला सुरुवात केली. अंदाज नाही, आकडा. आजही बऱ्याच पॅडच्या मागच्या पत्र्यावर दोन इंग्रजी अक्षरं छापलेली असतात, ती याच विचाराची नातवंडं. पहिलं अक्षर पॅड साधारण तापमानाला असतानाचं घर्षण सांगतं, दुसरं तापल्यावरचं. एफ म्हणजे घर्षणांक ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५, एच त्याच्याही वर. पॅड घेताना खोक्यावरच्या चित्रापेक्षा ही अक्षरं बघा.

१९०२ मध्ये त्याने चॅपल-एन-ले-फ्रिथ या गावी कारखाना हलवला. कंपनीचं नाव फेरोडो. फ्रूड या आडनावाची इंग्रजी अक्षरं उलटसुलट केली आणि बायको एलिझाबेथचं आद्याक्षर त्यात घातलं, झालं फेरोडो. आपल्याकडे घाटकोपरला हिंदुस्तान फेरोडो नावाचा कारखाना होता, तो याच नावाचा.

त्याच १९०२ साली फ्रेडरिक लँचेस्टर या मोटार बनवणाऱ्याने डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं होतं. त्याने पॅडला तांबं वापरलं. धातूवर धातू घासल्यावर व्हायचं तेच झालं: ब्रेक दाबला की कानठळ्या बसवणारी किंकाळी. मोटारींचा वेग वाढत होता आणि कापसाचे थर तापून करपत होते. अशा वेळी फ्रूडने अ‍ॅस्बेस्टॉसचा तंतू आणला. तो जळत नव्हता, आवाज करत नव्हता, स्वस्तही होता. धातू आणि तंतू यांच्यातली पहिली फेरी तंतूने जिंकली.

त्या विजयाची किंमत मात्र कामगारांनी मोजली. अ‍ॅस्बेस्टॉसची धूळ फुफ्फुसात बसते आणि माणूस मारते. ज्या टर्नर कंपनीच्या समूहात फेरोडो १९२० च्या दशकात गेली, तिच्याच रॉचडेलच्या कारखान्यातली नेली केरशॉ १९२४ मध्ये गेली, वय अवघं ३३. ब्रिटनमध्ये या धुळीबद्दलचे पहिले नियम १९३१ साली झाले. फ्रूड वारला तेही १९३१ मध्येच. (तुमचा मेकॅनिक ब्रेकची धूळ फुंकर मारून उडवत असेल तर त्याला ओलं फडकं द्या. पॅडमध्ये काय आहे ते खोक्यावर नेहमी लिहिलेलं नसतं.)

आजचा ऑरगॅनिक पॅड फ्रूडच्याच वंशातला आहे, फक्त अ‍ॅस्बेस्टॉसच्या जागी अ‍ॅरामिड, काच वगैरेंचे तंतू, आणि सगळं रेझिनने बांधलेलं. सिंटर्डमध्ये तांब्यासारख्या धातूंची पूड दाबून, न वितळवता, भट्टीत एकजीव करतात. म्हणजे लँचेस्टरचं तांबं परत आलं, पण शहाणं होऊन. १९७० च्या दशकात जपानी बाइकच्या स्टेनलेस डिस्क ओल्या झाल्या की ऑरगॅनिक पॅड क्षणभर काही धरायचेच नाहीत, तिथे सिंटर्डने जागा मिळवली.

आता आपला रस्ता. पेणहून वडखळ, नागोठणे आणि पुढे भिसे खिंडीतून रोहा. बराचसा सपाट, खिंडीत चढउतार, आणि जून ते सप्टेंबर धो धो पाऊस. हिशोब करा: बाइक आणि दोघं मिळून २८० किलो असतील, तर १०० मीटर उंची उतरताना सुमारे पावणेतीन लाख ज्यूल ऊर्जा निघते. हवेचा विरोध आणि इंजिन त्यातली काही खातात, पण सगळी ब्रेकवर आली तर जवळपास एक लिटर पाणी उकळेल. एका खिंडीपुरतं ऑरगॅनिक हे सहज सोसतो. रोजचा एकट्याचा प्रवास, १०० ते १५० सीसीची गाडी असेल तर मी कंपनीने दिलेल्या प्रकारचेच पॅड घेईन आणि उतारावर खालचा गिअर ठेवीन.

मागे माणूस, सामान आणि दर शनिवारी कोलाडवरून ताम्हिणी, असं असेल तर सिंटर्डचे पैसे वसूल होतात. तापल्यावर ते कमी ढिले पडतात आणि ओल्या डिस्कला लवकर धरतात. पण ते डिस्क जास्त खातात, आणि उष्णता कॅलिपरकडे लवकर पाठवतात, म्हणून ब्रेक ऑइल जुनं नको. डिस्क सिंटर्डला चालते का ते आधी मॅन्युअलमध्ये पाहा. डिस्कवर कमीत कमी जाडीचा आकडा कोरलेला असतो, तोही तपासा. डिस्क पॅडपेक्षा कितीतरी महाग पडते.

कुठलाही पॅड घाला, पहिले दोनेकशे किलोमीटर हळू हळू, वाढत्या जोराने ब्रेक लावत तो डिस्कवर बसू द्या. वडखळ-नागोठणे हा सरळ पट्टा त्याला बरा, सकाळी लवकर, ट्रेलर सुरू व्हायच्या आत.