देवळाच्या भिंतीवरून सुरू झालेली वाट
शिल्पकार कै. नानासाहेब करमरकर यांचे जीवनकार्य

मुंबई बंदराच्या दक्षिणेला, खाडीपलीकडे मांडव्याजवळ सासवणे नावाचे छोटे गाव आहे. माडांच्या वाड्या, भातखाचरे, समुद्राचा गाज आणि गावाचे राममंदिर. कोकणपट्टीतील शेकडो गावांसारखेच हे एक. परंतु या गावाने महाराष्ट्राला एक थोर शिल्पकार दिला. विनायक पांडुरंग करमरकर, म्हणजेच सर्वांचे नानासाहेब, यांचा जन्म २ ऑक्टोबर १८९१ रोजी सासवण्यास झाला. त्यांच्या कलेची पहिली ओळख जगाला झाली ती कोणत्या प्रदर्शनात नव्हे, तर गावच्या देवळाच्या भिंतीवर. म्हणूनच देवालयाच्या जीर्णोद्धाराच्या या मंगल प्रसंगी त्यांचे स्मरण करणे उचित ठरावे.

घरचा वारसा

नानासाहेबांचे वडील पांडुरंगपंत गणेशमूर्ती घडवीत. कुलाबा जिल्ह्यात (आजच्या रायगड जिल्ह्यात) ही कला फार जुनी. पेणच्या गणपतींचा लौकिक तर सर्वत्र आहे. अशा घरात वाढणाऱ्या मुलाला मातीची ओळख अक्षरांच्या आधी होते. माती किती भिजवावी, किती मळावी, ओली असताना कोणता भाग करावा आणि थोडी सुकल्यावर कोणता, हे शाळेत शिकवावे लागत नाही. सोंडेचे वळण, डोळ्यांची आखणी, हातातील परशू, पाश आणि मोदक यांच्या जागा पाहून पाहूनच अंगवळणी पडतात.

गणेशमूर्तीचे एक वैशिष्ट्य असे की ती विसर्जनासाठीच घडवलेली असते. महिनोन् महिने खपून केलेली वस्तू दीड दिवसात किंवा दहा दिवसांत पाण्यात सोडायची, आणि पुढील वर्षी पुन्हा माती मळायला बसायचे. या शिस्तीत वाढलेल्या हाताला मेहनतीचा कंटाळा येत नाही. पुढे ज्यांनी दगड, संगमरवर आणि ब्राँझ यांसारख्या टिकाऊ माध्यमांत काम केले, त्या नानासाहेबांचा आरंभ अशा क्षणभंगुर मातीतून झाला होता.

देवळाच्या भिंतीवरील चित्र

लहान वयातच विनायकाने सासवण्याच्या राममंदिराच्या भिंतीवर शिवाजी महाराजांचे चित्र काढले. त्या काळी कुलाब्याचे कलेक्टर ऑटो रॉथफेल्ड हे होते. त्यांच्या दृष्टीस हे चित्र पडले. कोणा मोठ्या चित्रकाराचे नव्हे, तर गावातल्याच एका मुलाचे हे काम असल्याचे कळल्यावर त्यांनी त्या मुलाला मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकता यावे म्हणून साहाय्य केले.

हा प्रसंग अनेकदा सांगितला जातो तो कलेक्टरच्या गुणग्राहकतेसाठी, आणि ते योग्यच आहे. परंतु त्यात गावाचाही वाटा आहे. देवळाची भिंत ही गावाची भिंत. तिच्यावर एका पोराने चित्र काढले आणि गावाने ते पुसून टाकले नाही, त्यावर चुन्याचा हात फिरवला नाही, म्हणूनच ते साहेबाच्या नजरेस पडू शकले. आपल्याकडे देऊळ हे केवळ पूजेचे स्थान कधीच नव्हते. कीर्तन, भजन, नाच, सोंगे, रांगोळी, दीपमाळ, खांबांवरील नक्षी या साऱ्यांना आसरा देवळानेच दिला. सासवण्याच्या देवळाने त्यात एक शिल्पकार जोडला.

शिक्षण आणि प्रवास

जे. जे. स्कूलमध्ये नानासाहेबांनी शिल्पकलेचे शास्त्रशुद्ध शिक्षण घेतले आणि १९१३ साली लॉर्ड मेयो पदक मिळवले. पुढे सुरेंद्रनाथ टागोर यांच्या प्रोत्साहनाने ते कलकत्त्यास गेले. बंगालमध्ये त्या वेळी कलेविषयी मोठे मंथन चालू होते. त्या वातावरणात कोकणातला हा तरुण शिल्पकार स्थिरावला, त्याने स्वतःची कार्यशाळा थाटली आणि व्यक्तिशिल्पांसाठी नाव मिळवले. १९२० साली ते इंग्लंडला गेले व लंडनच्या रॉयल अकॅडमीत अधिक शिक्षण घेऊन परतले. त्यानंतर मुंबई हे त्यांचे कार्यक्षेत्र झाले.

माती, दगड आणि धातू

शिल्पकाराचे काम कसे चालते याची थोडी कल्पना असल्यास नानासाहेबांच्या कर्तृत्वाचे मोल अधिक कळते. मोठ्या शिल्पाची सुरुवात बहुधा मातीतच होते. आत लोखंडी सळयांचा सांगाडा उभारून त्यावर माती थापतात. माती ओली ठेवण्यासाठी तिच्यावर सतत भिजलेली फडकी घालावी लागतात, नाहीतर तडे जातात. आकार मनासारखा झाला की त्यावर प्लास्टरचा साचा घेतात आणि साच्यातून प्लास्टरची प्रतिमा काढतात. येथपर्यंतचे काम जोडण्याचे असते. चुकले तर माती काढता येते, कमी पडली तर लावता येते.

दगडाचे काम याच्या नेमके उलट. तेथे काहीही जोडता येत नाही, फक्त काढता येते. प्लास्टरच्या नमुन्यावरील प्रत्येक उंचवट्याचे आणि खोलगटाचे माप मापयंत्राने घ्यायचे आणि तितक्याच खोलीपर्यंत दगड फोडत न्यायचा. सुरुवातीला मोठ्या टाकीने ढलपे काढायचे, मग दातेरी छिन्नी, मग बारीक छिन्नी, शेवटी कानस आणि घासकाम. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण कठीण, टाकी लवकर बोथट करणारा. संगमरवर त्या मानाने मऊ, पण त्यात दडलेली एखादी शीर ऐन वेळी दगा देते. नाकाच्या शेंड्यापाशी एक घाव जास्त पडला तर महिन्यांची मेहनत वाया. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, अशी आपली म्हण आहे. ते घाव मोजूनमापून घालण्याचे ओझे शिल्पकाराच्या मनगटावर असते.

धातूचे काम आणखी निराळे. त्यात पोकळ साच्यामध्ये वितळलेला रस ओततात. रस मध्येच थिजला किंवा साच्यात हवा अडकली, तर सारे ओतकाम फुकट जाते. नानासाहेबांनी माती, प्लास्टर, दगड, संगमरवर, सिमेंट आणि ब्राँझ ही सारी माध्यमे हाताळली आणि प्रत्येकाचा स्वभाव ओळखून काम केले.

पुण्याचा अश्वारूढ शिवछत्रपती

त्यांच्या कसोटीचा प्रसंग आला तो पुण्यातील शिवस्मारकाच्या निमित्ताने. राजर्षी शाहू छत्रपतींच्या पुढाकाराने पुण्यास शिवाजी महाराजांचे भव्य स्मारक उभारण्याचे ठरले होते. १९२१ साली त्याची कोनशिला बसली. परंतु १९२२ साली शाहू महाराजांचे निधन झाले. पुढे राजाराम महाराजांच्या काळात काम मार्गी लागले आणि अश्वारूढ पुतळ्याची जबाबदारी नानासाहेबांकडे आली.

एवढा मोठा पुतळा सामान्यतः तुकड्यातुकड्यांनी ओततात आणि नंतर सांधतात. त्यात धोका कमी. एखादा भाग बिघडला तर तेवढाच पुन्हा करता येतो. परंतु नानासाहेबांच्या या शिल्पाचे ओतकाम अखंड झाले. सुमारे साडेतेरा फूट उंचीचा आणि सुमारे ८ टन वजनाचा घोडा व स्वार, एका ओतात. मुंबईच्या माझगाव गोदीत हे काम पार पडले. यश आले तर अखंड शिल्प, अपयश आले तर हाती काहीच नाही, अशी ही पैज होती. ज्या महापुरुषाने विखुरलेले मावळे एकत्र आणून स्वराज्य उभे केले, त्याची प्रतिमा बिनसांध्याची असावी, यात एक वेगळेच औचित्य पाहणाऱ्याला जाणवते.

ओतकाम साधले. ते धूड मुंबईहून घाट चढवून पुण्यास नेण्यात आले. मुंबईहून पुण्याची वाट तेव्हाही आपल्या ठाण्यावरूनच जात असे. १६ जून १९२८ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते पुतळ्याचे अनावरण झाले. ज्या जागी तो उभा राहिला, तेथेच पुढे श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूल सुरू झाले आणि भांबुर्ड्याचे शिवाजीनगर झाले. सासवण्याच्या देवळाच्या भिंतीवर ज्या राजाचे चित्र एका मुलाने काढले, त्याच राजाला त्या मुलाने ब्राँझमध्ये उभे केले.

साध्या माणसांचे देवपण

राजेमहाराजे, पुढारी, धनिक यांची शिल्पे करून नानासाहेबांना मान आणि धन मिळाले. परंतु त्यांच्या कलेचा खरा जिव्हाळा सासवण्याच्या घरात पाहावयास मिळतो. तेथे त्यांनी आपल्या आजूबाजूची माणसे आणि जनावरे घडवली. कोळीण, कष्टकरी, लहान मुले, एवढेच काय तर दारची म्हैससुद्धा.

त्यांचे ‘मत्स्यगंधा’ हे शिल्प प्रसिद्ध आहे. शिल्प आहे एका कोळी तरुणीचे, पण नाव आहे महाभारतातले. मत्स्यगंधा म्हणजे सत्यवती. धीवरराजाच्या घरी वाढलेली, होडी वल्हवणारी, महर्षी व्यासांची माता आणि पुढे हस्तिनापूरची राणी. मासळीच्या व्यवसायातील स्त्रीला हे नाव देऊन नानासाहेबांनी फार मोठी गोष्ट साधली. कोपरी-चेंदणीच्या खाडीकाठी, जेथे पहाटे पाट्या डोक्यावर घेऊन बायका बाजाराची वाट धरीत, तेथील लोकांना याचा अर्थ उलगडून सांगण्याची गरज नाही. ज्या वासावरून लोक नाक मुरडतात, त्याच वासाला व्यासांच्या आईचे नाव आहे, याची आठवण त्या शिल्पाने करून दिली.

‘शंखध्वनी’ हे त्यांचे असेच आणखी एक गाजलेले शिल्प. शंख ही आपल्या देवळातली रोजची वस्तू. आरतीच्या वेळी तो वाजतो आणि गावाला जागे करतो. नानासाहेबांनी तो एका स्त्रीच्या ओठी दिला. दगड-धातूला आवाज नसतो, परंतु फुंकर घालताना ताणलेले शरीर पाहून तो नाद कानी पडल्यासारखा वाटतो.

येथेच मूर्तिकार आणि शिल्पकार यांतील नाते ध्यानात येते. देवाची मूर्ती हातातील चिन्हांवरून ओळखायची असते. चक्र दिसले की विष्णू, डमरू दिसला की शंकर. ती चिन्हे शास्त्राने नेमून दिलेली आहेत, मूर्तिकार त्यांत बदल करीत नाही. माणसाच्या शिल्पाला असे नेमलेले चिन्ह नसते. तेथे मानेचा कल, खांद्याचा उतार, पावलांची ठेवण हेच चिन्ह होते. कष्टाने आलेला बाक आणि स्वाभिमानाने आलेला ताठपणा यांतील फरक शिल्पकाराला दगडातून दाखवावा लागतो. वडिलांच्या गणपतींपासून पहिली भाषा आणि जे. जे. स्कूलमध्ये दुसरी, अशा दोन्ही भाषा नानासाहेबांना अवगत होत्या. म्हणूनच त्यांनी केलेल्या सामान्य माणसांच्या शिल्पांतही, देवाची मूर्ती करताना लागते तशी निष्ठा दिसते.

अखेरचे दिवस

मुंबई, कलकत्ता, लंडन असा प्रवास करूनही नानासाहेबांनी सासवण्याशी नाते तोडले नाही. त्यांची शंभरावर शिल्पे त्यांच्या तेथील घरी जतन केलेली असून ते घर शिल्पसंग्रहालय झाले आहे. एखाद्या मोठ्या शहराच्या वस्तुसंग्रहालयाऐवजी आपले काम आपल्या गावात राहावे, गावच्या पोरांनी ते हात लावण्याइतक्या जवळून पाहावे, ही व्यवस्था त्यांच्या स्वभावाला साजेशीच आहे. भारत सरकारने त्यांना पद्मश्री किताबाने गौरवले. १३ जून १९६७ रोजी त्यांचे निधन झाले.

आपल्या ठाणे जिल्ह्यालाही पाषाणाची थोर परंपरा आहे. शके ९८२, म्हणजे इ.स. १०६० चा शिलालेख असलेले अंबरनाथचे शिवालय याच मातीत उभे आहे. ते घडवणाऱ्या पाथरवटांची नावे आज लोकांच्या ओठी नाहीत. त्या अनाम हातांची परंपरा नानासाहेबांसारख्यांनी पुढे नेली आणि तिला नाव मिळवून दिले.

देऊळ नवे होते तेव्हा भिंती नव्या होतात, फरशी नवी होते, कळस नवा होतो. त्या नव्या भिंतींच्या सावलीतही कोणी मूल बसलेले असेल, त्याच्या हातात खडू किंवा ओली माती असेल. त्याला उठवून न लावता दोन घटका तेथे बसू देणे, हीसुद्धा देवाची सेवाच होय. सासवण्याच्या ग्रामस्थांकडून ती एकदा घडली, आणि त्यातून एक शिल्पकार उभा राहिला.

कै. नानासाहेब करमरकर यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन.