देव्हाऱ्याबाहेरची पूजा

देवळात कसे वागावे हे आपल्याला कोणी वर्गात बसवून शिकवलेले नसते. आजीचे बोट धरून आपण ते शिकतो. पाय धुऊन आत जावे, घंटा हलक्या हाताने वाजवावी, महादेवाची प्रदक्षिणा अर्धीच घालावी, तीर्थ उजव्या हाताच्या तळव्यावर घ्यावे, निघताना देवाकडे एकदम पाठ करू नये. हे नियम मला आवडतात. सकाळची पूजा मीही नेमाने करतो. पण हे सारे नियम देव आणि आपण, या दोघांपुरतेच आहेत. रांगेत मागे उभ्या असलेल्या म्हाताऱ्या बाईशी कसे वागावे, नारळाच्या शेंड्या आणि उष्ट्या पत्रावळी कुठे टाकाव्यात, याविषयी आपली पूजापद्धती फारसे बोलत नाही. तो धडा ज्यांनी महाराष्ट्राला घालून दिला, ते गृहस्थ पंढरीला वारंवार जात, पण विठ्ठलाच्या देवळात पाऊल टाकत नसत. ते म्हणजे गाडगेबाबा.

डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म 23 फेब्रुवारी 1876 रोजी अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी, परीट कुटुंबात झाला. वडील दारूपायी लवकर गेले. आई सखूबाई मुलाला घेऊन दापुऱ्याला माहेरी आली. तिथे डेबूने मामाची गुरे राखली, शेतात घाम गाळला. देवाधर्माच्या नावाखाली बोकड कापायचा, दारू पाजायची आणि त्यासाठी सावकाराकडे जमीन गहाण टाकायची, हे त्याने लहानपणापासून पाहिले होते. पुढे स्वतःच्या मुलीच्या बारशाला त्याने जातीच्या रिवाजाप्रमाणे मटण-दारू न देता बुंदीचे लाडू वाढले. भाऊबंद चिडले. पण लग्न-बारशाची आणि देवकार्याची रीत बदलता येते, हे त्या पंगतीत पहिल्यांदा दिसले.

1 फेब्रुवारी 1905 रोजी डेबूजींनी घर सोडले. अंगावर चिंध्या, एका कानात कवडी, दुसऱ्यात बांगडीची काच, हातात खराटा आणि मडक्याचे फुटके खापर. त्या गाडग्यावरूनच नाव पडले. गावात शिरले की आधी रस्ते झाडायचे, संध्याकाळी त्याच झाडलेल्या जागी कीर्तन करायचे. कीर्तनात ते समोरच्या लोकांनाच प्रश्न विचारत आणि त्यांच्याच तोंडून उत्तरे काढून घेत. कर्ज काढून सण करू नका, देवापुढे मुके जनावर मारू नका, शिवाशीव पाळू नका, मुलांना शाळेत घाला, हा त्यांचा विषय. पाया पडायला कोणी आले तर त्यांना मुळीच खपत नसे. आपण कोणाचे गुरू नाही आणि आपल्याला शिष्य नाही, यावर ते अखेरपर्यंत ठाम राहिले.

बँकेत असताना देवस्थानांच्या पेटीतली नाणी आमच्या काउंटरवर येत. कुंकवाने आणि तेलाने ती एकमेकांना चिकटलेली असत. मोजता मोजता बोटे लाल होत आणि मनात येई, हा पैसा पुढे कुठे जात असेल? गाडगेबाबांचा हिशेब मात्र सर्वांना दिसेल असा उघड्यावर मांडलेला आहे. कीर्तनाला जमलेल्या माणसांनी दिलेल्या पैशांतून पूर्णेकाठी ऋणमोचनला घाट बांधला गेला. पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी इथे धर्मशाळा उठल्या. मुंबईत रुग्णांच्या नातलगांना टेकायला जागा झाली. देवदर्शनाला आलेला माणूस उघड्यावर झोपतो, नदीवर स्नान करताना चिखलात घसरतो, ही त्यांच्या लेखी पूजेतलीच उणीव होती. पंढरपुरात देवळाचे दार ज्यांना बंद होते, त्यांच्यासाठी त्यांनी चोखामेळा धर्मशाळा बांधली. साने गुरुजींच्या उपोषणानंतर 1947 साली ते दार उघडले. 1949 साली बाबांनी ही धर्मशाळा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. एवढ्या इमारती उभ्या करणारा हा माणूस स्वतः मात्र झाडाखाली निजत असे.

मूर्तीसमोर न जाणाऱ्याने पूजेचे आचार शिकवावेत का, अशी शंका कोणी काढील. मला वाटते, त्यांनी देव नाकारला नव्हता. त्यांच्या कीर्तनात नामाचा गजर होताच. वारकऱ्यांची वाट झाडणे, तहानलेल्याला पाणी देणे, भुकेल्याला भाकर देणे हाच त्यांचा षोडशोपचार होता. आपल्या घरातले गंध-फूल त्याने कमी होत नाही. फक्त ते अपुरे आहे, एवढे लक्षात येते.

20 डिसेंबर 1956 रोजी, अमरावतीकडे नेत असताना, वलगावजवळ पेढी नदीपाशी बाबांनी देह ठेवला. बाबासाहेबांना जाऊन तेव्हा जेमतेम दोन आठवडे झाले होते.

पुढच्या वेळी नातवंडांना घेऊन देवळात जाल, तेव्हा त्यांना हात जोडायला जरूर शिकवा. मग प्रसाद खाऊन झाला की द्रोण कुठे टाकायचा, हेही शिकवा. रांगेत एखादी आजी उन्हात उभी असेल, तर तिला पुढे जाऊ द्या. नैवेद्य दाखवायला थोडा उशीर झाला तरी चालेल.