मुलांच्या अंगणात गेलेली शाळा

गरिबांची मुले शाळेत रमत नाहीत, याचा दोष पालकांच्या अनास्थेवर टाकून मोकळे होण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे. ताराबाई मोडक यांनी हा दोष शाळेच्या पदरात घातला आणि आयुष्याची अखेरची अठ्ठावीस वर्षे त्याच्या निवारणात वेचली.

१८९२ साली मुंबईत जन्मलेल्या ताराबाई पदवीधर झाल्या. राजकोटच्या स्त्री-अध्यापन विद्यालयाचे प्राचार्यपद सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात गेल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ आणि १९३६ मध्ये दादरचे शिशुविहार उभे राहिले. एवढ्या लौकिकावर कोणीही समाधान मानले असते. परंतु माँटेसरी पद्धतीची महागडी साधने मध्यमवर्गापलीकडे पोहोचणे शक्य नव्हते.

१९४५ मध्ये त्यांनी बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ तेथेच त्यांना येऊन मिळाल्या. दलित वस्तीतील मुले बालवाडीकडे फिरकेनात, तेव्हा बालवाडीच वस्तीत गेली. मुलांना आंघोळी घालाव्यात आणि त्यांच्याच अंगणात शंख-शिंपले, खडे, बिया, पाने मांडून बसावे, असा क्रम सुरू झाला. ओळखीच्या अंगणात ओळखीच्याच वस्तू हाताळताना मुलाला परकेपणा वाटण्याचे कारण उरले नाही. साधनांचा खर्च वाचला, हा लाभही लहान नव्हे. या प्रयोगाला त्यांनी अंगणवाडी हे नाव दिले.

१९५७ मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर वारली वस्तीत आले. येथील अडचण निराळी होती. वारली कुटुंबात सात-आठ वर्षांचे मूल कामाचे माणूसच असते. ते गुरे राखते, धाकटे भावंड सांभाळते. ते वर्गात बसले तर त्याचे काम कोणी करायचे? केवळ फी माफ करून हा हिशेब जुळत नाही. (आपल्या शिक्षणविषयक अंदाजपत्रकांत या खर्चाची नोंद क्वचितच आढळते.) कोसबाडच्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र ठेवण्यात आली. भावंडाला कडेवर घेऊन आलेली मुलगी त्याला पाळणाघरात ठेवून निर्धास्तपणे वर्गात बसू लागली. गुराखी मुलांसाठी तर शिक्षक कुरणावर गेले. त्या शाळेचे नाव कुरणशाळा.

१९७३ मध्ये ताराबाई निवर्तल्या. दोन वर्षांनी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले.