लेडी एडा लव्हलेस

हिंजवडीच्या संगणक-कचेऱ्यांत आपणांपैकीं पुष्कळांचे आईबाप काम करतात. ठराविक संख्येच्या जागा आधीं आंखून त्या प्रत्येकींत आरंभींचें मूल्य भरणें, हें त्यांच्या कामांतील अगदीं पहिलें पाऊल होय. संगणक जन्मण्यापूर्वीं हें काम कागदावर बारकाईनें करून दाखविणाऱ्या एका बाईचें हें चरित्र आहे.

एडाचा जन्म लंडन शहरीं १० डिसेंबर १८१५ रोजीं झाला. प्रख्यात कवि लॉर्ड बायरन हा तिचा पिता. परंतु ती पांच महिन्यांचीही झाली नव्हती तोंच तो देश सोडून गेला, व १८२४ सालीं ग्रीस देशांत वारला. मुलगी बापाच्या वळणावर जाऊं नये म्हणून आईनें तिला गणितास लाविलें. हेतु कांहींसा कठोर खरा, पण विद्या मात्र अंगीं मुरली. तेरा वर्षांची असतांना गोंवरानें तिचे पाय लुळे पडून कुबड्या घ्याव्या लागल्या, तरी अभ्यास सुटला नाहीं. पुढें तिला शिकविणारे प्रोफेसर डी मॉर्गन हे आपल्या मदुरेस जन्मलेले. दिल्लीचे ख्रिस्ती गणिती मास्तर रामचंद्र यांचा ग्रंथ १८५९ सालीं विलायतेंत प्रसिद्ध करविणारे तेच.

१८३३ सालीं तिची चार्ल्स बॅबेज यांजशीं ओळख झाली. हे गृहस्थ आंकडेमोडीच्या यंत्रानें झपाटलेले होते. त्यांनीं योजिलेल्या नव्या यंत्रांत चाकांचे उभे खांब असावयाचे, प्रत्येक चाकावर शून्यापासून नऊपर्यंत आंकडे, व एका खांबावर एक संख्या. काय करावयाचें तें भोंकें पाडलेले पुठ्ठे सांगणार.

या यंत्राविषयीं मेनाब्रेआ नामक इटालियन गृहस्थानें फ्रेंच भाषेंत लिहिलेल्या लेखाचें एडानें भाषांतर केलें, व १८४३ सालीं त्यास मूळ लेखाच्या सुमारें तिप्पट टिपा जोडल्या. त्या वेळीं ती तीन मुलांची आई होती. शेवटच्या टिपेंत बर्नुली यांच्या संख्या यंत्राकडून काढविण्याचें कोष्टक आहे. किती खांब लागतील हें तिनें आधींच ठरविलें. पहिल्या तीन खांबांवर दिलेल्या संख्या. पुढील दहा मधल्या हिशेबाकरितां, सारे शून्यावर. उत्तरांचे खांब निराळे. त्यांतील तिहींवर पूर्वीं काढलेलीं उत्तरें, व चवथा नव्या उत्तराकरितां शून्यावर. शिवाय प्रत्येक खांबाच्या नांवास डावीकडे वर एक बारीक अंक : खांबावर अद्याप कांहीं ठेविलें नसेल तर शून्य, पहिली संख्या ठेविली कीं एक, ती बदलली कीं दोन.

एवढी काटेकोर नोंद कशाला? पंगतींत पानें मांडलीं म्हणजे जेवण वाढलें असें होत नाहीं. आज जावासारखी भाषा शिकूं लागलेला तरुण चाळीस विद्यार्थ्यांसाठीं चाळीस जागांची रांग मागून घेतो, चाळीस नोंदी तयार झाल्या असें समजून पहिल्याचे गुण विचारतो, आणि यंत्र अडतें. जागा आहे, पण तींत नोंद नाहीं. एकेक नोंद निर्माण करून एकेका जागीं ठेवावी लागते. एडाच्या रिकाम्या खांबावर निदान शून्य तरी असे. येथें तेंही नसतें. शिवाय रांग एकदां आंखली कीं एक्केचाळिसावा मुलगा तींत मावत नाहीं.

हें सारें तिच्या एकटीचें, असें मात्र म्हणवत नाहीं. अशीं कोष्टकें बॅबेज यांनींही पूर्वीं रचिलीं होतीं. छापील कोष्टकांत एका भागाकाराची उलटापालटही राहून गेली आहे. पुढें घोड्यांच्या शर्यतींच्या नादीं लागून तिनें बराच पैसा गमाविला, हेंही झांकून ठेवण्यांत अर्थ नाहीं. यंत्र बॅबेज यांच्या हयातींत पुरें झालें नाहीं. त्यामुळें आपलें कोष्टक चालतांना पाहणें तिच्या नशिबीं नव्हतें. टिपांखालीं तिचें पुरतें नांव नव्हतें, केवळ आद्याक्षरें छापलीं होतीं. कर्करोगानें २७ नोव्हेंबर १८५२ रोजीं, वयाच्या अवघ्या ३६ व्या वर्षीं ती वारली. ज्या पित्यास तिनें कधीं ओळखलें नाहीं त्याच्याच शेजारीं, तिच्या इच्छेप्रमाणें, हकनॉल गांवच्या देवळांत तिला पुरलें.